दोन स्प्रिंगा आणि मानाचा टॉवेल

माझ्या नवऱ्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा आहेत, आणि त्या स्प्रिंगांचा ह्यांना जितका अभिमान आहे तितका माझ्याशी लग्न केल्याचा कधी दिसला नाही. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक चादर बघायला येतं आणि जाताना ह्यांच्या छातीची माहिती घेऊन जातं. दुकान आता पुतण्या बघतो. हे फक्त गादीवर बसतात आणि शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवतात. खरं तर स्प्रिंगा मनगटातून आत घातल्या होत्या, छातीवर दाखवण्यासारखं काहीही नाही. पण बटण उघडंच असतं.

हृदयाची मोठी रक्तवाहिनी पुढे जाऊन दोन वाटांना फुटते. ह्यांचा अडथळा नेमका त्या फाट्यावर होता. अशा ठिकाणी काय करावं यावर डॉक्टरांत दोन मतं आहेत. काही म्हणतात, मोठ्या वाटेत एकच स्प्रिंग बसवा, छोट्या फांदीला शक्यतो हात लावू नका. काही म्हणतात, दोन्हीकडे बसवा. स्प्रिंग म्हणजे स्टेंट, बारीक जाळीची नळी. तिच्यावर औषधाचा लेप असतो, तो हळूहळू सुटत राहतो आणि वाहिनी पुन्हा बुजू देत नाही, निदान तशी अपेक्षा असते. एक बरी की दोन बऱ्या, हे बसवल्या दिवशी कळत नाही. वर्षं जावी लागतात. कोण जगलं, कोणाला पुन्हा दुखायला लागलं, कोणाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, हे एकेकाला गाठून विचारत बसावं लागतं.

आमच्या नातेवाइकांना मात्र इतकं थांबायची गरज पडली नाही. अक्कलकोटच्या नणंदेनं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "एष्टु?" म्हणजे कानडीत, किती. मी "दोन" म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. धाकट्या दिरांना वर्षभर आधी एकच बसवली होती. ते ह्यांना बघायला आले तेव्हा जाऊबाई सगळा वेळ खाली मान घालून बसल्या होत्या, त्यांच्या माणसाला कमी वाढल्यासारख्या. दीर म्हणाले, "दादाचं काम मोठं झालं." मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यावर तो विषय डोक्यातून जाईल असं वाटलं होतं, तो गेला नाही. ह्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना हे माहीत होतं. एकदा तपासणीला गेलो असताना त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "मॅडम, मला परिषदेत बोलायचंय. फाट्यावरचे ब्लॉक, एक स्टेंट विरुद्ध दोन स्टेंट, दीर्घकालीन तुलना. माहिती तयार आहे. तुम्ही फक्त आकडेमोड करून द्या."

"माहिती कुठून आणलीत?" मी विचारलं.

"आपल्या स्नेहमेळाव्यातून."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माणूस गंभीर होता.

या स्नेहमेळाव्याबद्दल सांगायला हवं. ज्यांना ज्यांना डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली, त्या सगळ्यांना ते वर्षातून एकदा बोलावतात. मंगल कार्यालयाचा वरचा हॉल घेतात. खाली जेवण असतं, कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी आणि हृदयरोग्यांनी खाऊ नये असा एक गोड पदार्थ. वर सत्कार असतो. डावीकडे एक स्प्रिंगवाले, उजवीकडे दोन स्प्रिंगवाले, लग्नात दोन पक्ष बसतात तसे. एकेकाचं नाव पुकारतात, डॉक्टर स्वतः त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतात, खांद्यावर टॉवेल टाकतात आणि माइक पुढे करून विचारतात, "काय, कसं वाटतंय?" तो म्हणतो, "ठणठणीत." लोक टाळ्या वाजवतात. बाजूला बसलेली दवाखान्यातली मुलगी त्याला वहीत 'ठीक' म्हणून धरते. ही झाली दीर्घकालीन माहिती.

सोलापुरात टॉवेल-टोपी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. इथे जावयाला टॉवेल-टोपी, व्याह्याला टॉवेल-टोपी, पुढाऱ्याला टॉवेल-टोपी. टॉवेल अंगावर पडला की मान झाला, आणि मान करणाऱ्याच्या तोंडावर तक्रार करायची नाही. ज्या माणसानं भरसभेत तुमच्या खांद्यावर टॉवेल टाकलाय, त्याला माइकवरून 'छातीत दुखतंय' असं सांगणारा सोलापूर जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. त्यातून तो टॉवेल असा विरविरीत असतो, की आमच्या दुकानात तो कोणी फडकं म्हणूनही मागणार नाही. जन्मभर टॉवेल विकलेल्या माझ्या नवऱ्यानं मात्र आजवर मिळालेले सगळे टॉवेल कपाटात घडी घालून ठेवलेत, वर डांबरगोळ्या टाकून.

"आणि जे येत नाहीत ते?" मी डॉक्टरांना विचारलं.

"त्यांच्या घरचं कोणीतरी येऊन टॉवेल नेतं की," डॉक्टर म्हणाले. "त्यांना पण आपण ठीक धरतो. पेशंटचं बरंवाईट झालं असतं तर घरचे सत्काराला आले असते का?"

वर्गात एखाद्या पोरानं हे उत्तर दिलं असतं, तर मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं असतं. इथे समोर भिंतभर पदव्या होत्या. मी म्हटलं, यंदा मी स्वतः येते, लोकांशी बोलते, मग बघू. डॉक्टर खूश झाले. त्यांना वाटलं, मी कामाला लागले.

मेळाव्याच्या दिवशी हे सकाळपासून नवरदेवासारखे तयार होते. ह्यांचा नंबर दरवर्षी शेवटी असतो, कारण हे डॉक्टरांचे लाडके पेशंट. माइकवर बोलतात चांगलं. कार्यालयाच्या दारात हे उतरले, ओळखीच्यांना नमस्कार केले आणि मला म्हणाले, "तू हो वर, मी आलोच." मी निम्मा जिना चढून मागे बघितलं. हे खालच्या पायरीवर उभं राहून मोबाइल बघत होते. मोबाइल बंद होता. त्याची काळी काच मला वरूनही दिसत होती.

तेव्हा गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी एकामागून एक आठवल्या. भाजी आणताना हे दर दुकानापुढे थांबायचे आणि काचेतल्या वस्तू बघायचे. भांड्यांच्या दुकानापुढे इतका वेळ उभं राहायचं ह्यांना काय कारण, असं मला वाटायचं. मी त्यावरून चिडवलंही होतं.

मी खाली आले. "दुखतंय का?"

"काय न्हाय गं. जरा दम घेतो."

"दम का लागतोय?"

"आज न्हाय," हे हळूच म्हणाले. "आज मान हाय. माणसं बघायल्यात."

ह्यांना तिथेच भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं. वर कार्यक्रम सुरू झाला होता, कर्ण्यातून नावं ऐकू येत होती. आता माझं लक्ष खालच्या जेवणाच्या जागेकडे गेलं. पंगत बसायला अजून अवकाश होता, तरी तिथे बरीच माणसं बसलेली होती. कोणी फोन कानाला लावून बसलेलं, कोणी चपलेचा अंगठा बघत असलेलं. जिन्याकडे कोणी बघत नव्हतं. मी एकेकाजवळ जाऊन बसले आणि सरळ विचारलं, वर का नाही गेलात?

मैंदर्गीहून आलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "जिना लई उभा हाय की हो. दोन पायऱ्या चढलं की हितं धरतंय." त्यांनी छातीच्या मधोमध मूठ ठेवली. मग कानडीत स्वतःशीच काहीतरी बोलले आणि हसले. "पोरगा गेलाय वर. टॉवेल आनतो की."

"डॉक्टरांना सांगितलंत का?"

"त्यांनी जीव वाचिवला. त्यांना कशाला वाईट वाटू द्याचं?"

त्यांच्या पलीकडे करकंबची एक बाई बसली होती, पन्नाशीची, एकटीच. हातात घडी केलेला नवा टॉवेल होता. मी विचारलं, "तुमचे यजमान कुठंयत?"

"त्यास्नी जाऊन वरीस व्हत आलं," ती म्हणाली.

मी तिच्या हातातल्या घडीकडे बघितलं. मग मी विचारलं, "मग हा टॉवेल?"

"बोलावनं आलं. नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, मी गेले आन् घेतला." तिनं टॉवेलवरून हात फिरवला. "मानाचं कसं परत करायचं, बाई? मानसं काय म्हनतील? म्हनलं, त्येंच्या नावानं हाय, घ्यावा."

म्हणजे तिचा मेलेला नवरा नुकताच वर 'ठीक' म्हणून धरला गेला होता. दोन स्प्रिंगा, उजव्या बाजूचा. मी तिला माझा फोन नंबर आणि दुकानाचा पत्ता दिला, का ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

तेवढ्यात कर्ण्यातून ह्यांचं नाव आलं. मी वळले तर हे खुर्चीत नव्हते. नाव पुकारल्याबरोबर हे मागचापुढचा विचार न करता जिना चढायला लागले होते, आणि मधल्या वळणावर बसकण मारली होती. चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर घाम. मी पळत गेले, ह्यांच्या खिशातली गोळी काढून जिभेखाली ठेवली. वरून डॉक्टरांचा आवाज येत होता, "आमचे ठणठणीत पेशंट, दोन स्टेंट, दुकानात दिवसभर उभे असतात!" हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. हे घामेघूम झालेल्या तोंडानं त्या टाळ्यांच्या दिशेनं हात जोडत होते.

वरून एक कार्यकर्ता धावत आला. "काका, उशीर होतोय, राहू द्या, मी टॉवेल घेऊन आलोय," म्हणत त्यानं ह्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि परत वर पळाला. माणूस बसलाय, पांढरा पडलाय, हे त्याला दिसलंच नाही. सत्कार पार पडला होता, त्याचं काम संपलं होतं.

मला आयुष्यात इतका राग फार कमी वेळा आला आहे. त्याच टॉवेलनं मी ह्यांचा घाम पुसला. टॉवेलनं पाणीसुद्धा धड टिपलं नाही. गोळीनं हळूहळू उतार पडला, रंग परत आला. मैंदर्गीचे गृहस्थ आणि करकंबची बाई ह्यांच्याजवळ येऊन बसले, तेव्हा मी तो ओला टॉवेल घेऊन वर गेले, हॉलच्या मधून चालत व्यासपीठापर्यंत गेले आणि डॉक्टरांपुढच्या टेबलावर ठेवला.

"हा परत घ्या," मी म्हटलं. "हे ठीक नाहीत. जिन्यात बसलेत. आणि खाली जे बसलेत तेही ठीक नाहीत."

माइक चालू होता. सगळ्या हॉलनं ते ऐकलं. डॉक्टर हसले, सभेत हसतात तसं, आणि म्हणाले, "मॅडम संख्याशास्त्राच्या आहेत, त्यांना सगळं तपासून घ्यायची सवय." लोकही हसले. मग त्यांनी माइक बाजूला करून मला हळू आवाजात सांगितलं, "उद्या सकाळीच घेऊन या त्यांना. नक्की आणा." एवढं मात्र त्यांनी खरं सांगितलं होतं, हे मी मान्य करते.

पण ह्यांना नेणार कोण? जीव जाता जाता राहिला याचं ह्यांना काही नव्हतं. मी भरसभेत टॉवेल परत केला, याचं दुःख ह्यांना झालं होतं. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कुटल्या तोंडानं जाऊ मी त्यांच्यापुढं? मान दिला, तो तू तोंडावर फेकलास."

"फेकला नाही, ठेवला," मी म्हटलं. "ओला होता."

"आमच्या घराण्यात टॉवेल कुनी परत केला न्हाय."

मी रागावले, रडले, पुतण्याला बोलावलं. नणंदेचा फोन आला, तिनंही मलाच कानडीत चार शब्द सुनावले. गल्लीतल्या डॉक्टरांनी घरी येऊन ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाले, पट्टीत आत्ता काही दिसत नाही, पण थांबू नका, तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडेच जा. ह्यांना 'दिसत नाही' एवढंच ऐकू आलं. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, तर तो तर फारच मोठा अपमान. रोज वाट बघायची, हे उठतात का ते बघायचं, हेच मला उरलं होतं. मला ह्यांची कीव येत होती आणि चीड येत होती, आणि या दोन्हींच्या खाली सरळ भीती होती. ज्या माणसाबरोबर जन्म काढला, तो एका विरविरीत टॉवेलापायी मरणार, असं मला दिसत होतं.

अशा एका दुपारी दुकानातून पुतण्यानं करकंबच्या बाईला घरी आणून सोडलं. तिच्या हातात पिशवी होती. पाणी घेतलं, इकडंतिकडं बघितलं आणि पिशवीतून टॉवेल काढून ह्यांच्या पलंगाच्या कडेला ठेवले. परवाचा आणि त्याच्या आधीचे. सगळे कोऱ्या घडीचे.

"तुमी परत दिला तवा मला वाटलं, आपन बी द्यावं," ती मला म्हणाली. "पर येकटीला धीर हुईना. तुमी येता का संगं?"

हे उठून बसले. व्यापारी माणूस, हात आपोआप टॉवेलकडे गेला. घडी उलटून बघितली. "वापरले न्हाईत?"

"त्येंनी वापरूच दिलं न्हाईत. मानाचं हाय म्हनायचे." मग ती ह्यांच्याकडे बघून सरळ बोलली. "गेल्या साली वर चढून गेले व्हते. जिन्यात तुमच्यावानीच बसले, मीच हाताला धरून नेलं. म्हनलं, सांगा की डागदरास्नी. माइक पुढं आला आन् म्हनाले, लई झ्याक हाय. लोकांनी टाळ्या वाजिवल्या. घरी आल्यावर मला म्हनाले, सांगू पुढल्या खेपेला. पुढली खेप न्हायच आली."

ह्यांनी उलटलेली घडी पुन्हा नीट घातली. बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि चहा घेतला. मग हे उठले, कपाटाकडे गेले, डांबरगोळ्या बाजूला काढल्या आणि आपले टॉवेल बाहेर काढले. मला म्हणाले, "रिक्षा बोलाव."

दवाखान्यात आम्हा तिघांना लगेच आत घेतलं. डॉक्टरांच्या टेबलावर बाईनं आपले टॉवेल ठेवले, शेजारी ह्यांनी आपले. बाई म्हणाली, "ह्ये मेलेल्या मानसाचं हाईत. त्यास्नी जितं धरू नगा." डॉक्टरांच्या तोंडावरचं सभेतलं हसू या वेळी आलं नाही. त्यांनी टॉवेलांना हात लावला नाही. बराच वेळ त्यांची नजर त्या घड्यांवरच होती. मला त्यांची दया यायला हवी होती, पण तेवढं मोठं मन माझं नाही. मला वाटलं, बघा, नीट बघा, ही तुमची दीर्घकालीन तुलना.

मग त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही कसे आहात?"

सवयीनं ह्यांचे ओठ हलले. 'ठणठणीत' हा शब्द ह्यांच्या तोंडाशी आलेला मी बघितला. हे माझ्याकडे वळले, मग बाईकडे, मग टॉवेलांकडे.

"बरं न्हाय, डॉक्टर," हे म्हणाले. "दुखतंय. चाललं की दुखतंय, जेवलं की दुखतंय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळीपासून रोज सकाळी चहाचा कप हातात देताना मी ह्यांना विचारत होते, कसं वाटतंय? आणि रोज हे मला 'मस्त' म्हणत होते, आणि मी ह्यांना 'ठीक' धरत होते.